चार दिवसांची ईडीए कॉन्फरन्स आणि माझे चाळीस हजार बफर

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन स्टार. ट्युटोरियल मस्त, पोस्टर सेशन त्याहून मस्त, कीनोटला झोप आली, आणि ते मोबाइल अ‍ॅप ज्याने कोणी बनवलंय त्याला एकदा माझ्या ब्लॉकचं राउटिंग करायला बसवलं पाहिजे. कॉन्फरन्सचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी परत जायचंय आणि खाली तक्रारी बऱ्याच आहेत. तसंही या क्षेत्रातल्या मोठ्या कॉन्फरन्स सख्ख्या बहिणी असल्यासारख्या असतात, एकीला जाऊन आलात की बाकीच्यांचा अंदाज येतो.

ज्यांना ईडीए हा शब्दच नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. आजच्या मोठ्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, ते काही कोणी हाताने मांडत बसत नाही, त्यासाठी सॉफ्टवेअर असतं आणि ते सॉफ्टवेअर बनवण्याच्या धंद्याला ईडीए म्हणतात, इलेक्ट्रॉनिक डिझाइन ऑटोमेशन. तुम्ही व्हेरिलॉग नावाच्या भाषेत चिपने काय करायचं ते लिहिता, टूल त्याची गेट्स बनवतं, ती गेट्स सिलिकॉनवर कुठे बसणार ते ठरवतं, तारा ओढतं, टायमिंग तपासतं. मी यातलं शेवटाकडचं काम करतो, गेट्स बसवून तारा ओढायचं, म्हणजे प्लेस अँड राउट. म्हणजे वरच्या सगळ्या टीम्सनी आपापला उशीर करून झाला की जो दिवस टेपआउटला (डिझाइन कारखान्यात पाठवायला) उरतो त्या दिवशी ज्याच्याकडे सगळे बघतात तो मी.

तर मी कॉन्फरन्सला गेलो ते एक दुखणं घेऊन. आमचा एक ब्लॉक होता, म्हणजे चिपचा एक तुकडा, बरा चालला होता, पण क्लॉक ट्री (क्लॉकचा सिग्नल सगळीकडे पोचवणारं जाळं) झाली आणि होल्ड फिक्सिंग (डेटा फार लवकर पोचू नये म्हणून त्याला उशीर लावणं) सुरू केलं की टूल त्यात चाळीस हजार बफर, म्हणजे उशीर लावणारी छोटी गेट्स, ओतायचं. (आकडा अंदाजे धरा, खरा सांगता येत नाही, का ते पुढे येईलच.) एवढ्याशा ब्लॉकमध्ये चाळीस हजार बफर म्हणजे वन बीएचकेमध्ये लग्न लावण्यासारखं आहे. जागा संपली, तारांना वाट मिळेना, राउटिंगच्या चुकांची यादी रोज लांबायची आणि वर सेटअप टायमिंगही (डेटा वेळेच्या आत पोचतोय का ते) फुटायला लागलं. तीन आठवडे मी टूलचे सगळे ऑप्शन फिरवून बघितले, सपोर्टवाल्यांना विचारलं तर त्यांनी ‘नवीन व्हर्जन वापरून बघा’ हे ठरलेलं उत्तर दिलं. नवीन व्हर्जनने एकेचाळीस हजार टाकले.

मॅनेजर म्हणाले, जातोयस ना कॉन्फरन्सला, मग तिथे विचार की. म्हटलं बरं. मग तीन दिवस मी जो दिसेल त्याला हाच एक प्रश्न विचारत फिरलो. त्यामुळे हा रिव्ह्यू तसा एकांगी आहे, कॉन्फरन्स चांगली की वाईट हे मी त्या चाळीस हजार बफरवरून ठरवलंय.

पहिला दिवस ट्युटोरियलचा. इथे पहिली सूचना, रजिस्ट्रेशन करताना पास नीट बघून घ्या. फुल पासमध्ये ट्युटोरियल असतातच असं नाही, आणि जो सगळ्यात स्वस्त पास असतो तो बहुतेकदा फक्त प्रदर्शनाच्या हॉलपुरता, त्यावर पेपरच्या खोलीत पाय ठेवता येत नाही. माझ्या पुढचा एक मुलगा दारावरच अडकला होता, बिचारा बॅज उलटसुलट करून बघत होता.

मी फॉर्मल व्हेरिफिकेशनचं, म्हणजे डिझाइन बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याचं, ट्युटोरियल घेतलं. माझं रोजचं काम नाही ते, पण मुद्दाम घेतलं, आपल्याला येतं तेच परत ऐकायला कशाला जायचं. शिकवणारे प्राध्यापक जबरदस्त होते. सुरुवात केली ती १९९४ च्या, इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरमधल्या भागाकाराच्या चुकीपासून. गोष्ट बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असते. थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि उत्तर जुळेना, महिनोन् महिने एकेक शक्यता बाजूला काढत शेवटी ते प्रोसेसरवर येऊन थांबले. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता होता आणि त्यातल्या काही नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. इंटेलने शेवटी चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवला. प्राध्यापकांचा मुद्दा असा की सिम्युलेशनमध्ये तुम्ही कितीही आकडे टाकून बघा, दोन मोठ्या संख्यांच्या भागाकाराच्या सगळ्या जोड्या तपासायला जन्म पुरणार नाही, म्हणून ‘तपासून बघितलं’ आणि ‘सिद्ध केलं’ यात फरक आहे, आणि त्या चुकीनंतर हार्डवेअरवाल्यांनी सिद्ध करणं मनावर घेतलं.

मग ते बीडीडीवर (लॉजिक आकृतीत मांडून तपासायची पद्धत) आले, रँडल ब्रायंट यांचं १९८६ चं काम, आणि तिथून सॅट सॉल्व्हरवर, म्हणजे लॉजिकच्या सगळ्या अटी एकदम पूर्ण होऊ शकतात का ते शोधणाऱ्या प्रोग्रॅमवर. २००१ साली डॅकला, म्हणजे डिझाइन ऑटोमेशन कॉन्फरन्सला, चॅफ नावाच्या सॉल्व्हरचा पेपर आला होता आणि त्यानंतर हे सॉल्व्हर किती झपाट्याने मोठे प्रश्न गिळायला लागले ते त्यांनी फळ्यावर एक छोटं उदाहरण सोडवत दाखवलं. फळ्यावर बरं का, स्लाइडवर नाही. कुठला व्हेरिएबल आधी धरायचा, फसलं की कुठपर्यंत मागे यायचं, तीच चूक परत होऊ नये म्हणून काय लिहून ठेवायचं. तीन तासांत एकदाही घड्याळ बघितलं नाही मी.

दुपारी हँड्स-ऑन होतं आणि तिथे गंमत झाली. सगळ्यांनी लॅपटॉप उघडले, स्क्रिप्ट चालवली, आणि खोलीत एकसाथ एरर आला की लायसन्स मिळत नाही. या धंद्यातल्या माणसाला हा एरर स्वतःच्या नावाइतका ओळखीचा असतो, त्यामुळे कोणी चिडलं नाही, सगळे हसले. पाऊण तास गेला. सर्व्हर परत उठेपर्यंत प्राध्यापकांनी परत फळा घेतला, म्हणून तो पाऊण तास वाया गेला असंही म्हणवत नाही.

कीनोट. काय लिहू. दुसऱ्या दिवशी सकाळी भलामोठा हॉल, स्टेजवर धूर आणि निळे दिवे, आणि पहिल्या स्लाइडवर मूर. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये दरवर्षी दुप्पट म्हटलं होतं, १९७५ मध्ये ते दर दोन वर्षांनी असं केलं, हे या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि तरी प्रत्येक कीनोटची सुरुवात इथूनच होते, आरतीला सुखकर्ता असतं तसं. मग एक वर जाणारी रेघ, मग दुसरी रेघ जी पहिलीपेक्षा हळू वर जाते, आणि दोघींच्या मधल्या जागेत ‘एआय’. मधल्या त्या फटीत नक्की काय भरायचं हे काही शेवटपर्यंत कळलं नाही. एसी इतका गार होता की दुसऱ्या कीनोटला मी स्वेटर घालून गेलो. ही दुसरी सूचना.

आता प्रदर्शनाचा हॉल. इथे माझं मत जरा मिश्र आहे. ईडीएमध्ये मोठी नावं तीनच, सिनॉप्सिस १९८६ ची, केडन्स १९८८ मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन झालेली, आणि मेंटर जी २०१७ मध्ये सीमेन्सने घेतली. बाकी असंख्य छोट्या कंपन्या येतात, वाढतात आणि या तिघींपैकी कोणाच्या तरी पोटात जातात, हे इतकं नेहमीचं आहे की छोट्या बूथवरच्या माणसाला ‘पुढच्या वर्षी कुठल्या बूथवर भेटाल’ असं विचारलं तर तो रागावत नाही, हसतो.

मोठ्या बूथवर (कोणाच्या ते सोडा) माझा अनुभव असा. आधी बॅज स्कॅन, मग बोलणं. समोरचा गोड मुलगा, टाय वगैरे. मी म्हटलं, माझ्याकडे होल्डसाठी चाळीस हजार बफर पडतायत. तो म्हणाला, आमच्या नव्या इंजिनमध्ये होल्ड आणि सेटअप एकत्र बघितले जातात, डेमो दाखवू का? डेमोमध्ये एक छोटा रिस्क-फाइव्ह कोर होता, म्हणजे खुल्या आज्ञासंचावरचा प्रोसेसर. तो कोर मी आजपर्यंत एवढ्या डेमोत बघितलाय की त्याचा फ्लोअरप्लॅन (कुठला भाग कुठे बसेल त्याचा नकाशा) मला झोपेतही काढता येईल. डेमोतला डिझाइन कधी रुसत नाही, त्यात मॅक्रो (मेमरीसारखे तयार ठोकळे) कोपऱ्यात शहाण्यासारखे बसलेले असतात, कन्स्ट्रेंट्स (टूलला दिलेल्या वेळेच्या अटी) स्वच्छ असतात, आणि बटण दाबलं की सगळं हिरवं होतं. मी विचारलं की लाल कधी होतं ते दाखव ना, माझं सगळं लालच आहे. त्याने मला त्याच्या वरच्या माणसाकडे दिलं, वरच्याने कार्ड दिलं. पलीकडच्या बूथवर एक जादूगार पत्त्यांचे खेळ करत होता आणि खरं सांगतो, त्या गल्लीत सगळ्यात प्रामाणिक माणूस तोच होता, आधीच सांगत होता की मी फसवणार आहे.

छोट्या बूथवर मात्र जा, नक्की जा. तिथे दोन माणसं उभी असतात आणि त्यातल्या एकाने ते टूल स्वतः लिहिलेलं असतं. एका ठिकाणी लायब्ररी तपासण्याचं टूल विकणारे एक काका भेटले, पांढरी दाढी, त्यांना प्रश्न विचारला तर त्यांनी टूल विकायचं सोडून मलाच वीस मिनिटं उलट प्रश्न विचारले. कुठला कॉर्नर (चिप वेगवान निघेल असं धरलंय की संथ), डिरेटिंग किती (वेळेच्या गणितातली सूट), होल्ड अनसर्टन्टी (क्लॉक पुढेमागे होईल म्हणून ठेवलेली जास्तीची सूट) कोणी ठरवली. त्यांचा संशय अनसर्टन्टीवर होता. आमच्याकडे ती खरंच जरा जास्त होती, पण चाळीस हजारांइतकी नाही. उत्तर नाही मिळालं पण पहिल्यांदा वाटलं की प्रश्न कोणीतरी ऐकला.

पेपर. इथे दोन जग आहेत आणि नवख्याला ते कोणी सांगत नाही. एक रिसर्च ट्रॅक, विद्यापीठातली मुलं, पंधरा मिनिटांत बोलायचं, पहिली सात मिनिटं आधीच्यांनी काय केलं त्यात जातात. दुसरा इंजिनिअरिंग ट्रॅक, तिथे कंपन्यांमधले आमच्यासारखे लोक आपण प्रत्यक्ष चिपवर काय केलं ते सांगतात. मी दोन्हीत बसलो. अडचण अशी की एकाच वेळी आठ खोल्यांत सेशन चालू, आणि मला हव्या असलेल्या तीन गोष्टी नेमक्या एकाच तासाला ठेवलेल्या, दुसऱ्या तासाला काहीच नाही. स्केड्युलिंग आणि रिसोर्स अ‍ॅलोकेशनवर वर्षानुवर्षं पेपर छापणाऱ्या लोकांनी हे टाइमटेबल केलंय हे लक्षात घ्या. अ‍ॅपमध्ये खोली बदलल्याचं कळायचं ते सेशन संपल्यावर.

रिसर्च ट्रॅकला नाक मुरडू नका मात्र. आज आपण ज्या टूलवर दिवसभर बसतो त्याच्या आत हेच जुने पेपर आहेत. १९६१ मध्ये ली यांनी तार ओढायची जी पद्धत लिहिली, उगमापासून लाट पसरवायची आणि मुक्कामाला पोचली की उलट वाटेने परत यायचं, ती कॉलेजात अजूनही सगळ्यात आधी शिकवतात. कर्निहॅन आणि लिन यांचं १९७० चं सर्किट दोन भागांत तोडण्याचं काम, त्याला पळायला शिकवलं फिडुचिया आणि मॅथाइजेस यांनी १९८२ च्या डॅकमध्ये. ही डॅक म्हणजे या सगळ्या कॉन्फरन्समधली आजी, १९६४ मध्ये अटलांटिक सिटीला शेअर या आयबीएमचे संगणक वापरणाऱ्यांच्या गटाने भरवलेल्या वर्कशॉपमधून आलेली. एका सेशनमध्ये एका मुलीने प्लेसमेंटची पद्धत सांगितली आणि प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतले एक आजोबा माइकवर आले, म्हणाले की हे आम्ही करून बघितलं होतं, तेव्हा मेमरी पुरत नव्हती म्हणून सोडलं, तू पुढे कर. असं वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी वर्षातून चार दिवस द्यायला तयार आहे.

इंजिनिअरिंग ट्रॅकची वेगळीच गंमत. कंपनीच्या लीगल खात्याने मंजूर केल्याशिवाय काही दाखवता येत नाही, म्हणून प्रत्येक आलेखाच्या उभ्या अक्षावर आकडे पुसलेले. ‘नॉर्मलाइज्ड’ लिहिलेलं असतं. एक गृहस्थ वीस मिनिटं सांगत होते की आमची पॉवर खूप कमी झाली, एक बार उंच, एक बार बुटका, किती ते विचारलं तर म्हणाले ‘लक्षणीय’. नोड (चिपच्या तंत्राची पिढी) कुठला? ‘प्रगत’. क्लॉक किती? ‘स्पर्धात्मक’. हॉलमध्ये हशा पिकला, पण कोणी टोचून बोललं नाही, सगळ्यांच्या घरी तेच लीगल. म्हणून वर म्हटलं की माझा आकडाही अंदाजे धरा. (लीगलवाले वाचत असतील तर नमस्कार.)

तरी त्यातल्याच एका बाईंचं टॉक या चार दिवसांतल्या दोन-तीन उत्तम टॉकपैकी होतं, कारण त्यांनी फसलेलं सांगितलं. एका ब्लॉकवर मशीन लर्निंगचा फ्लो लावला, पहिल्या चिपवर भारी चालला, दुसऱ्यावर आपटला, का आपटला ते शोधायला किती काळ गेला, आणि शेवटी जुन्याच फ्लोवर कसे परत आलो. आकडे नव्हतेच, पण ‘आपटला’ हा शब्द होता. टाळ्या कीनोटपेक्षा जास्त पडल्या.

एआयचं आलंच आहे तर. निम्म्या पेपरच्या शीर्षकात एआय, एलएलएम किंवा एजंट यापैकी काहीतरी होतं. मी विरोधात नाहीये, स्क्रिप्ट लिहायला, लॉग वाचायला मी रोज वापरतो. पण या क्षेत्राला एक जुनी ठेच लागलेली आहे आणि ती पॅनेलमध्ये बरोब्बर निघाली. २०२१ मध्ये गूगलच्या टीमने नेचरमध्ये पेपर छापला की रिइन्फोर्समेंट लर्निंगने (चुकत-सुधारत शिकणारं एआय) चिपचा फ्लोअरप्लॅन काही तासांत माणसाइतका किंवा त्याहून चांगला होतो. मग २०२३ मध्ये आयएसपीडी या फिजिकल डिझाइनच्या परिषदेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या गटाने ते स्वतः उभं करून तपासलं आणि सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगसारख्या जुन्या पद्धतीशी तुलना केली तर चित्र एवढं गुलाबी दिसलं नाही. गूगलवाल्यांनी म्हटलं तुम्ही आमच्यासारखं प्री-ट्रेनिंगच (आधी इतर डिझाइनवर शिकवून घेणं) केलं नाही. वाद तिथून पेटला तो पेटलाच. पॅनेलवर एकाने सरळ विचारलं की आपण सगळे एआय एआय करतोय, पण दुसऱ्याला चालवून बघता येईल असा कोड आणि डेटा किती जण देतायत? हात फार वर झाले नाहीत. मला वाटतं खरा रोग तिथेच आहे, चांगले डिझाइन सगळे कंपन्यांच्या कुलपात, आणि संशोधन करणारी मुलं त्याच त्या जुन्या बेंचमार्कवर दळण दळतायत.

याच कारणाने ओपन सोर्सच्या सेशनला उभं राहायला जागा नव्हती. ओपनरोड हे खुलं प्लेस अँड राउटचं टूल २०१८ मध्ये डार्पाच्या (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) पैशातून सुरू झालं, २०२० मध्ये स्कायवॉटर या चिप कारखान्याचा १३० नॅनोमीटरचा पीडीके (तिथे चिप बनवायला लागणारी नियमांची माहिती) गूगलबरोबर खुला झाला, सिंथेसिसला, म्हणजे व्हेरिलॉगची गेट्स करायला, योसिस आहे, म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याला आज कोणाचंही लायसन्स न मागता व्हेरिलॉगपासून जीडीएसपर्यंत (कारखान्याला द्यायची शेवटची फाइल) जाता येतं. आमच्या कामाला लागणारं ते नाही, १३० नॅनोमीटर म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, पण शिकायला याच्याइतकं चांगलं काही नाही. आम्ही शिकलो तेव्हा लॅबमध्ये एका लायसन्सवर चौदा जण टपून असायचो.

आता पोस्टर. तिसरा दिवस संध्याकाळ, मी दमलेलो, पाय दुखत होते, जायचं नाही असं जवळजवळ ठरलं होतं. मोठा हॉल, रांगेने बोर्ड, प्रत्येकापुढे एक घाबरलेला विद्यार्थी. एका बोर्डवर कन्स्ट्रेंट्स तपासण्याबद्दल काहीतरी होतं, समोर कोणीच नव्हतं म्हणून मी थांबलो, पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलगी असेल. तिने तिचं सांगितलं, मी ऐकलं, आणि मग सवयीने माझी रेकॉर्ड लावली, चाळीस हजार बफर वगैरे.

तिने विचारलं, होल्ड फिक्स करायच्या आधीचा टायमिंग रिपोर्ट कसा होता?

मी गप्प. तीन आठवडे मी फिक्स झाल्यानंतरचेच रिपोर्ट वाचत होतो, कारण ओरड तिथे होती, कंजेशन (तारांची गर्दी), जागा, राउटिंग. होल्ड तर टूलने नीट केलेलं दिसत होतं, मग आधीचा रिपोर्ट कशाला उघडायचा? दहा वर्षं काम करतोय मी. लाज वाटली. तिथूनच ऑफिसमधल्या मित्राला मेसेज टाकला की क्लॉक ट्रीनंतरचा डेटाबेस उघड, फिक्सिंग न करता होल्ड काढ, सगळ्यात वाईट दोनशे पाथ (डेटाच्या वाटा) बघ. तोवर ती मला कार्यक्रमपत्रिकेच्या मागे वेव्हफॉर्म काढून दाखवत होती, म्हणजे तिला अंदाज आलाच होता.

वीस मिनिटांनी मित्राचं उत्तर आलं. सगळे पाथ त्याच दोन रजिस्टर बँकांच्या (डेटा धरून ठेवणाऱ्या गटांच्या) मधले, आणि सगळ्यांचा स्लॅक, म्हणजे हाताशी उरलेला वेळ, उणे जवळपास एक अख्खा क्लॉक पीरियड.

ज्यांना कळलं ते आत्ता हसत असतील. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही पाथना एका क्लॉकऐवजी दोन क्लॉकचा वेळ द्यायचा असतो, त्याला मल्टिसायकल म्हणतात आणि कन्स्ट्रेंट्सच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून टूलला सांगावं लागतं. पण सेटअपला दोन सायकल दिल्या की होल्डची तपासणीही आपोआप एक सायकल पुढे सरकते, टूल समजतं की डेटा अख्खी एक सायकल जागचा हलता कामा नये. ती तपासणी परत मागे आणायला होल्डची दुसरी ओळ लागते. आमच्याकडे पहिली ओळ होती, दुसरी नव्हती. मग टूलने काय केलं, आज्ञाधारकपणे प्रत्येक पाथमध्ये एका सायकलएवढा उशीर भरला, बफरमागून बफर. वेगवान कॉर्नरला एक सायकल भरेल एवढे बफर टाकले की तेच संथ कॉर्नरला फुगून दोन सायकलच्या बाहेर जातात, म्हणून सेटअप फुटत होतं. म्हणजे टूलने काहीच चुकवलं नव्हतं. आम्ही सांगितलेलं काम चोख केलं होतं, आणि मी तीन दिवस जगभरच्या टूलवाल्यांकडे जाऊन टूलची तक्रार करत होतो.

ती ओळ आली कुठून तेही मित्राने शोधलं. आधीच्या चिपच्या फाइलमधून अर्धी कॉपी झालेली, वर कोणीतरी कॉमेंट टाकलेली, ‘तात्पुरतं’.

चौथ्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निम्मे लोक बॅगा घेऊनच सेशनला येतात आणि शेवटच्या खोलीत बोलणारा, सेशन चेअर आणि मी असे तिघंच होतो. त्या पोरीला परत शोधायला गेलो तर पोस्टर उतरवलेले होते. तिचा पेपर मात्र प्रोसीडिंग्जमध्ये मिळाला, आमच्या सगळ्या टीमला वाचायला लावलाय.

कोणी जावं? जो नुसतं ‘काय नवीन चाललंय’ बघायला जाईल तो एक पिशवी, तीन पेन आणि एआयची सात ब्रोशर घेऊन परत येईल. आपल्या कामातला अडलेला एक प्रश्न घेऊन जा, कागदावर काढता येईल एवढा लहान करून घेऊन जा (लॅपटॉप उघडून डिझाइन दाखवता येत नाही, नोकरी जाईल), आणि ब्रोशरवाल्यांपेक्षा पोस्टरवाल्यांना विचारा. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त पास आणि प्रवासाची मदत असते, फक्त अर्जाची तारीख फार आधी निघून जाते, तेवढं बघा. मॅनेजर लोकांनी नाही गेलं तरी चालेल, ते प्रदर्शनाच्या हॉलमधून नवीन टूल घ्यायची कल्पना घेऊन येतात.

एक मात्र आहे, बॅज स्कॅन केल्याचे परिणाम अजून भोगतोय. रोज दोन-तीन मेल. त्या गोड मुलाचाही आला परवा, तुमच्या होल्डच्या समस्येबद्दल पुढच्या आठवड्यात बोलूया का म्हणून. बफर आता काही शेकड्यांवर आलेत हे त्याला कसं सांगावं ते ठरत नाहीये.

मॅनेजर म्हणाले पुढच्या वर्षी याचंच पोस्टर कर. केलं. एकच आलेख आहे, ओळ टाकायच्या आधीचा बार आणि नंतरचा बार. लीगलकडे पाठवला होता, काल मंजूर होऊन आला. उभ्या अक्षावरचे आकडे काढायला सांगितलेत.